ईशान्य कोपऱ्यातला हौद

१

येळवशीच्या दिवशी संध्याकाळी सव्वासहा वाजता उमरगा तालुक्यातल्या चिंचकोटा गावात महालिंगप्पा हत्तरगे यांचा मृतदेह त्यांच्याच परसातल्या खड्ड्यातून बाहेर काढला गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस. खड्डा पाण्याच्या हौदासाठी खणलेला, पुरुषभराहून खोल. सकाळी तो रिकामा होता. संध्याकाळी निम्मा मातीने भरलेला सापडला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी या भागातलं अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत लक्ष्मी मांडायची, भाज्या-कडधान्यांची भज्जी आणि आंबील पोटभर खायची, वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. दिवस कलला की मगच घर आठवतं. महालिंगप्पा जेवण उरकून दुपारीच एकटे घरी परतले होते. ऊन लागलं की त्यांना चक्कर येत असे, म्हणून कोणाला त्यात नवल वाटलं नाही. संध्याकाळी मुलगा उमाशंकर आणि सून शिवप्रिया घरी आले, तर म्हातारे कुठंच नव्हते. उमाशंकर परसात गेला. खड्ड्यातल्या मातीतून लोखंडी शिडीची वरची टोकं दिसत होती आणि एका टोकाला वडिलांचं उपरणं अडकवलेलं होतं.

गल्लीतल्या माणसांनी फावड्यांनी, मग नुसत्या हातांनी माती उपसली. परसातच छोटं पोकलेन उभं होतं. खाली माणूस असताना बकेट घालायला कोणी धजावलं नाही.

फौजदार दैवशाला सगर उमरग्याहून पोहोचली तेव्हा अंधार पडत होता आणि गावाने निकाल लावलेला होता. दोषी बलभीम डोलारे, पोकलेनचा मालक आणि तोच चालक. उमाशंकरच्या म्हणण्याप्रमाणे बलभीमने उपसलेली माती खड्ड्याच्या अगदी काठावर रचली होती. वडील डोकवायला गेले, ढीग घसरला. हयगयीने मृत्यू. फिर्याद तोंडपाठ असल्यासारखी त्याने सांगितली.

बातमी कळताच बलभीम शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर स्वतःहून आला होता. जमावातून कोणीतरी मशीन पेटवायची भाषा करत होतं. दैवशालाने पंचनाम्याचे फोटो काढून घेतले आणि बलभीमला सांगितलं, मशीन टेम्पोवर चढव आणि ठाण्याच्या आवारात आण. त्याने ते निमूटपणे केलं. उतरवून झाल्यावर तो तिच्यासमोर उभा राहिला.

"मॅडम, मोठं जेसीबी गल्लीत शिरत न्हाय म्हणून लोक मला बोलावतेत. कुणाचा हौद, कुणाचा शोषखड्डा, कुणाचा पाया. दारातून आत जातो, तुळशीला धक्का लागत न्हाय. उद्या माझ्या खड्ड्यात माणूस मेला म्हणून मला आत टाकलं, तर सुटून आल्यावर बी कोण परसात घेईल मला?"

"माती काठावर होती का?"

"न्हाय."

"साक्षीदार?"

"माती हाय की साक्षीला," बलभीम म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती माती लोकांनी चारी दिशांना फेकलेली आहे.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशाला शिडीने खड्ड्यात उतरली. घर शांत होतं. शवविच्छेदन होऊन देह परत आला होता. रानात समाधीचा खड्डा खणण्याचं काम सुरू होतं. त्यासाठी मशीन नको, हाताने खणा, असं महालिंगप्पांच्या धाकट्या भावाने म्हणजे शंकरप्पाने बजावल्याचं तिला येताना कळलं.

परसाची जमीन मुरमाड होती. खड्ड्याच्या चारही बाजू तळापासून काठापर्यंत सरळ उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर बकेटच्या दातांचे उभे ओरखडे कंगवा फिरवल्यासारखे स्वच्छ उमटलेले होते. कुठं खपली निघालेली नव्हती. म्हणजे खड्डा ढासळला नव्हता. आत आलेली माती वरच्या ढिगातलीच होती. ढीग काठावर असेल तर तो घसरू शकतो. बलभीमचं म्हणणं असं की ढीग आणि काठ यांच्यामध्ये मशीन उभं राहील इतकी जागा तो नेहमी सोडतो, कारण काठावरच्या ओझ्याने आधी मशीनच आत जातं. ते खरं असेल तर ढीग कोणीतरी काठापर्यंत ढकलत आणला होता.

ईशान्येकडच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, मुरमातून एक घडीव शिळा डोकावत होती. तिच्या कडेला बकेट लागल्याचा पांढरा टवका होता. खाली बेलाची पानं पडलेली. पानं ताजी होती.

शिवप्रियाने वरून सांगितलं, ती आजीची, म्हणजे महालिंगप्पांच्या आईची, नीलम्माची समाधी. या घरात दहन नाही. माणसाला मांडी घालून बसवून पुरतात आणि वर शिळा ठेवतात. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा परस महालिंगप्पांच्या वाट्याला आलं, पण ईशान्येच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही असं तोंडी ठरलं. उमाशंकरने वास्तूचं पाहून हौद ईशान्येलाच घ्यायचं ठरवलं. समाधीपासून लांब राहू, असा शब्द त्याने वडिलांना दिला होता. शिळेवर वर्षानुवर्षं माती चढलेली. ती नेमकी कुठं आहे हे कोणालाच नीट आठवत नव्हतं. येळवशीच्या आदल्या दिवशी बकेट शिळेला लागली.

"मग?"

"मामंजींनी मशीन बंद करायला लावलं. येळवस होऊ द्या, मग बघू म्हणाले. शंकरकाका भिंतीपलीकडून आले आणि ह्यांना वाट्टेल तसं बोलले. म्हणाले, आजीच्या उरावर पाणी साठवणार काय?"

"आणि हे?"

शिवप्रियाने दाराकडे एकदा पाहिलं. "हे म्हणाले, उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळताना आजी येत नाही."

माती उपसणाऱ्यांपैकी तिघांना दैवशालाने वेगवेगळं विचारलं. तिघांनी एकच गोष्ट सांगितली आणि तिघांनाही ती विचारल्याशिवाय सुचली नव्हती. महालिंगप्पा आडवे सापडले नव्हते. ते मांडी घालून बसलेले होते, तोंड कोपऱ्याकडे, डावा तळहात छातीसमोर. तळहाताखालच्या मातीत त्यांचं गळ्यातलं इष्टलिंग मिळालं.

काठावरून घसरून पडलेला माणूस मांडी घालत नाही. ते स्वतः शिडीने उतरले होते, उपरणं काढून ठेवून आईपुढे पूजेला बसले होते. आणि त्यांना ऐकू कमी येत होतं. घरात हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे, असं शिवप्रिया म्हणाली.

३

उमाशंकर एका शाळेत लिपिक. उत्तरं मोजकी देत होता, पण बलभीमचं नाव निघालं की आवाज चढत होता. येळवशीला त्याच्या रानात शाळेतले सगळे शिक्षक जेवायला होते. दिवस कलेपर्यंत तो कोपीपासून हललेला नव्हता, हे त्या शिक्षकांनी न अडखळता सांगितलं. एकाने तर फोनवर चित्रफीतच दाखवली. तीत उमाशंकर आंबिलीचा डेरा घेऊन पंगतीतून फिरत होता आणि कोणीतरी त्याला वाढप्याची नोकरी कायम झाली म्हणून चिडवत होतं.

शंकरप्पाची भेट समाधीच्या खड्ड्यापाशी झाली. साखर कारखान्याच्या यार्डात ऊस उचलण्याचं यंत्र चालवून तो निवृत्त झाला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोळे तांबारलेले. आपलं रान वेगळं, असं त्याने सांगितलं. दुपारी तो घरी येऊन गेला होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. बायको गौराबाई लकवा झाल्यापासून खाटेवर असते. तिला जेवण द्यायचं होतं. ते दिलं, परत गेला. भिंतीपलीकडे पाहिलं का? नाही पाहिलं. काही ऐकलं? नाही ऐकलं.

त्याच वेळी फावडं मारणाऱ्या एका माणसाने बलभीमला शिवी दिली. शंकरप्पाने त्याला तिथल्या तिथे गप्प केलं.

"त्याचं नाव नको घेऊ इथं," तो म्हणाला.

दैवशालाला वाटलं, हा दुःखाने बोलतोय. नंतर, ठाण्याकडे परतताना तिने ते वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. गावात बलभीमला शिवी देऊ नका म्हणणारा हा पहिलाच माणूस होता.

आवारात पोकलेन उभं होतं. बूमचा लांब लोखंडी हात, आरसा, सीटची पाठ, सगळीकडे हळदीकुंकवाची बोटं होती. अमावस्येला मशीनची पूजा करतात, हे तिला माहीत होतं. तिच्या वडिलांकडे पिठाची गिरणी होती आणि त्या दिवशी पट्टा फिरत नसे. ती समोर आली आणि बकेटजवळ थांबली.

बकेटच्या पाठीवर भस्माचे तीन आडवे पट्टे होते. मधोमध कुंकवाचा ठिपका. दातांवर कुंकू होतं, पण हळद नव्हती.

रात्रीपासून कोठडीत असलेल्या बलभीमला तिने बाहेर आणवलं आणि मशीनची पूजा कशी करतोस ते विचारलं. त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही. येळवशीच्या सकाळी तो हत्तरग्यांच्या परसात येऊन मशीन धुऊन गेला होता. हळद, कुंकू, लिंबू-मिरची, नारळ. मग थेट आपल्या रानात. किल्ली सीटखालच्या डब्यात असायची, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"भस्म?"

"भस्म कशाला? आमच्यात न्हाय लावत मशीनला. हळद-कुंकू. दाता-दाताला लावतो म्या." तो थांबला. "स्टेटसला ठेवलं होतं की."

फोनमध्ये तो फोटो अजून होता. ओली बकेट, प्रत्येक दातावर पिवळं बोट आणि त्यावर लाल बोट. पाठीवर हळदीचं स्वस्तिक. भस्माचा मागमूस नाही.

दैवशालाने तो फोटो बकेटशेजारी धरला. सकाळी पूजा झाल्यानंतर ती बकेट मातीला लागली होती. हळद-कुंकू पुसलं गेलं. मग कोणीतरी ती धुतली आणि पूजा जशीच्या तशी करून ठेवायला गेला. कुंकू त्याने आठवणीने लावलं. पण त्याआधी त्याची तीन बोटं आपोआप भस्माच्या वडीकडे गेली, कारण त्याच्या घरात दसऱ्याला नांगर असो की मोटार, पहिला हात भस्माचाच. आपण बलभीमची पूजा बदलली, हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल. अंगवळणी पडलेली गोष्ट माणसाला दिसत नाही.

बलभीमला भस्म लावायचं कारण नव्हतं. उमाशंकर रानात होता, शिवाय हौद त्यालाच हवा होता. खणलेला खड्डा तो का बुजवेल? खड्डा बुजावा असं वाटणारा माणूस एकच होता. त्याला यंत्राचे खटके कळत होते, आणि त्या रिकाम्या गावात तो दुपारी येऊन गेला होता.

"मी जाऊ काय मॅडम?" बलभीमने विचारलं.

"थांब आजच्या दिवस," ती म्हणाली.

४

महालिंगप्पांना संध्याकाळी रानात बसवलं गेलं. स्वामींनी मंत्र म्हटले, तळहातात लिंग ठेवलं, भस्माच्या वड्या रचल्या. दैवशाला बांधावर उभी राहिली. माणसं पांगल्यावर शंकरप्पा एकटाच समाधीशी बसून राहिला. ती त्याच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिने फोनवर दोन फोटो दाखवले. एक बलभीमचा, एक पंचनाम्याचा.

शंकरप्पाने फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला, परत दिला.

"भस्म," तो म्हणाला. "व्हय."

"काका, तुम्ही मशीन चालवलंत."

"चालवलं." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "म्या आईला झाकायला गेलो होतो. शिळा उघडी पडली होती. आदल्या रातीला झोप न्हाय मला. सगळे रानात गेलते. म्हनलं, कोपरा तेवढा बुजवावा. पुन्हा खणायला कुणाचा हात उठणार न्हाय."

"महालिंगप्पा खाली होते."

"मला म्हाईत नव्हतं."

"शिडी होती. उपरणं होतं शिडीला."

"पांढरं काय तरी दिसलं. सूनबाईनं धुणं टाकलं असंल वाटलं. ढिगाच्या मागून ढकलत होतो म्या, मशीनच्या समोर माती लोटायचा फाळ असतोय, त्यानं. खड्डा दिसतच न्हाय तिथून. मग बकेटनं वरून चोपलं जरा."

चोपलं हा शब्द उच्चारल्यावर त्याचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले आणि तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

तिने विचारलं, मग धुऊन पूजा का केली. तो म्हणाला, येळवशीला काळ्या मातीला लोखंड लावत नाहीत. आपण ते केलं. भीती वाटली, आणि कोणाला कळू नये असंही वाटलं. घरातलं भस्म-कुंकू आणलं. मग रानात गेला आणि परत जेवला.

"आणि बलभीम? त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तरी तुम्ही बोलला नाहीत."

शंकरप्पाने समाधीवरची सैल माती तळहाताने सारखी केली.

"आमी दोघं बी तिच्यासाठीच तिथं गेलतो," तो म्हणाला. "ते खाली, म्या वर. हे कुणाला सांगू?"

५

बलभीमवरचा आरोप टिकला नाही. त्याला सोडलं त्या सकाळी उमाशंकर ठाण्यात आला होता. माफी असा शब्द त्याने वापरला नाही. फक्त म्हणाला, चहा घेणार का. बलभीमने घेतला. दोघं आवारात उभ्यानेच प्यायले आणि हौदाचं कोणीच काही काढलं नाही.

शंकरप्पा कोठडीत होता. त्याच्यावर कोणतं कलम लागणार, हे एकाच प्रश्नावर ठरणार होतं: खाली माणूस आहे हे त्याला माती ढकलताना कळलं होतं का? तो म्हणत होता, नाही. त्याविरुद्ध काही नव्हतं. शवविच्छेदनाने एवढंच सांगितलं की मातीखाली जाताना महालिंगप्पा जिवंत होते.

कागद पूर्ण करायचे म्हणून दैवशाला गौराबाईकडे गेली. आधी तिथं एक शिपाई जाऊन आला होता आणि त्याने विचारलं होतं, काही पाहिलंत का. खाटेवरून भिंतीशिवाय काही दिसत नाही, म्हणून त्या नाही म्हणाल्या होत्या. दैवशालाने विचारलं, काय ऐकलंत.

गौराबाईंची जीभ लकव्याने जड झाली होती आणि मराठीत कानडी मिसळत होती. त्यांना नवऱ्याची बाजू सांगायची होती, हे उघड होतं. यजमान वाईट माणूस नाही. सासूबाईंवर लई जीव. जेवण भरवून गेले, मग मशीनचा आवाज आला. येळवशीला मशीन कोण चालवतंय, असं त्यांना वाटलं.

"लई वेळ चाललं का?"

"न्हाय ग अव्वा. या वयात कुठलं झेपतंय त्यांना? मधीच थांबले होते."

दैवशालाने पेन खाली ठेवलं. "थांबले म्हणजे?"

"मशीन बंद झालं. सगळं गप्प. दम खाल्ला असंल. मग परत चालू केलं."

"त्या मधल्या वेळात काही ऐकू आलं?"

गौराबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा चांगला हात चादरीवरून हळूहळू मागे सरकला. त्यानंतर त्या मराठीत बोलल्या नाहीत आणि कानडीतही नाही.

शंकरप्पाने मशीन मध्ये थांबल्याचं नाकारलं नाही. त्याने थांबवलं नव्हतं, ते आपोआप बंद पडलं, असं तो म्हणाला. कारखान्यातलं यंत्र वेगळं, हे वेगळं. हात बसलेला नव्हता. पण त्याने स्वतः थांबवलं असेल, तर खाली कोणीतरी आहे हे जाणवल्यावरच, आणि तरीही ते पुन्हा चालू केलं होतं.

दुपारी दैवशालाने बलभीमला बोलावलं. तो मशीन टेम्पोवर चढवण्याच्या तयारीत होता. नवख्याच्या हातात ते आपोआप बंद पडू शकतं का, एवढंच तिने विचारलं. का विचारते, हे त्याला कळलं. तो उत्तर द्यायच्या आधी मशीनभोवती एक फेरी मारून आला.

"रेस कमी ठेवून जास्त माती ढकलली तर बंद पडतं, मॅडम. रेस पूर्ण असंल तर न्हाय पडत."

"त्या दिवशी रेसचा खटका कुठं होता?"

बलभीमने सीटच्या बाजूच्या त्या खटक्याकडे पाहिलं. त्या रात्री जमावातून मशीन बाहेर काढताना, टेम्पोवर चढवताना, आवारात उतरवताना, त्याने तो कितीदा तरी पुढे-मागे केला होता. पंचनाम्याच्या फोटोत बकेट आहे, बूम आहे, सीटची पाठ आहे. खटका कोणत्याच फोटोत आलेला नाही.

"चालू करताना कमी होता का पूर्ण, आठव."

"हात आपोआप जातो तिकडं," बलभीम म्हणाला. "बघितलं न्हाय म्या." थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक शब्द बोललो तर म्हातारा जन्मभर आत जातो. दुसरा बोललो तर सुटतो. न बघितलेलं कसं सांगू?"

दैवशालाने तसंच लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. शंकरप्पावर कोणतं कलम लावायचं, हे अजून ठरलेलं नाही. गौराबाईंचा जबाब पुन्हा घेण्यासाठी कानडी जाणणारी महिला हवालदार आज सकाळी चिंचकोट्याला गेली आहे. गौराबाई अजून बोललेल्या नाहीत.